आक्का आणि तिचे सर

सरांच्या डोक्यावर परिणाम झाला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या बावड्यात लोक अजून तसंच बोलतात. टीव्हीवर चांगला चाललेला कार्यक्रम एका पोरीपायी घालवला, तो माणूस शहाणा कसा, असं त्यांचं म्हणणं. बोलणाऱ्यांतलं कुणी तिथं नव्हतं. मी होते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. नटवून लिहायला मला जमत नाही, जसं घडलं तसं लिहिते.

सर शहरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. पेन्शनला पाच-सहा वर्षं राहिली असताना नोकरी सोडली आणि बाहुल्यांच्या मागं लागले. हातात घालायच्या बाहुल्या. खाली लपून हात डोक्याच्या वर धरायचा आणि बाहुलीला बोलतं ठेवायचं. दहा मिनिटांत खांदा भरून येतो. म्हणून सर रस्त्यानं चालतानासुद्धा उजवा हात वर धरून चालायचे. सवय व्हावी म्हणून. एकदा कारखान्याकडच्या रस्त्यावर त्यांचा हात बघून बस थांबली. कंडक्टर म्हणाला, "चढा की लवकर, पाव्हणं!" सर चढले. शेवटच्या स्टॉपवर उतरून दोन तासांनी चालत परत आले, तेही हात वर करूनच.

मी म्हटलं, "अहो, जायचं नव्हतं तर चढलासा कशाला?"

"मावशी, एवढी मोठी गाडी माझ्यासाठी थांबली. नको कसं म्हणायचं?"

माझ्या गोठ्यात ते आले त्याचीही तऱ्हाच होती. गुडघे गेले तशी मी दोनातली एक म्हैस विकली, दुसरी घरामागच्या परड्यात बांधली आणि गोठा भाड्यानं द्यायचा ठरवला. सर बघायला आले, आत गेले आणि आतून दार लावून घेतलं. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात. मग हाक आली, "मावशी, आत या. आणि दार ओढून घ्या."

मी एकटी बाई. विळा हातात घेऊनच आत गेले.

दार लावलं तसा काळोख झाला. पत्र्याच्या दाराला एक खिळा निघून गेल्याचं भोक होतं, तेवढाच उजेड. सर समोरच्या चुन्याच्या भिंतीकडं बोट दाखवून उभे होते. भिंतीवर आमचा रस्ता होता. उलटा. वर रस्ता, खाली आभाळ. एक बाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चालली होती, पाय वर आणि भारा खाली. तिचं हिरवं लुगडंसुद्धा दिसत होतं. मागनं सायकलवाला गेला, तोही उलटा. कुणी पडत नव्हतं.

माझा विळा हातातच राहिला. सरांनी सांगितलं, उजेड सरळ जातो, वाकत नाही. वरचा उजेड भोकातून खाली उतरतो, खालचा वर चढतो, म्हणून चित्र उलटं.  मी बघतच राहिले. देवळातसुद्धा मी इतकी गप्प बसत नाही. चाळीस वर्षं त्या भिंतीवर हे चाललं होतं आणि मी तिथं दार सताड उघडं टाकून शेण भरत होते.

"शेणाचा वास येतोय हं," मी शेवटी म्हटलं.

"येऊ दे," सर म्हणाले. "मला हीच जागा पाहिजे."

आठ दिवसांनी ते परड्यात येऊन उभे राहिले. मी धार काढत होते. ते माझ्या हाताकडं इतकं टक लावून बघत होते की मला राग आला. म्हटलं, "काय पाहिजे?" ते म्हणाले, "अंगठा कसा ठेवताय दाखवा जरा." मग मला हात धुवायला लावले आणि एक कापडी तोंड उजव्या हातात चढवलं. म्हणाले, "धार काढल्यासारखं करा."

मी केलं. तोंड उघडलं, मिटलं. नुसतं फडकं होतं ते, गुंड्यांचे डोळे लावलेलं. पण ते माझ्याकडं वळलं आणि मला वाटलं, ही कोण म्हातारी बघतेय माझ्याकडं? माझ्या तोंडातनं निघून गेलं, "काय बघतीयास गं भवाने?" आणि फडक्याचं तोंड त्याच तालात हललं.

सर हसले नाहीत. म्हणाले, "हीच. हीच आक्का."

तेव्हापासून मी आक्का. सर स्वतः बेडूकराव. कार्यक्रमाचं नाव 'असं का आक्का'. बेडूकरावांना सगळं ठाऊक असायचं, आक्का शाळेत गेलेली नसायची. बेडूकराव काही सांगायचे आणि आक्का म्हणायची, "पटलं न्हाय." मग बेडूकरावांना ते करून दाखवायला लागायचं. शूटिंगला एक पन्नाशीचा माणूस होता, तो एरवी लग्नाचे व्हिडिओ काढायचा. सुरुवातीला त्यानं बेडकाच्या तोंडाभोवती गुलाबाच्या पाकळ्या उडवल्या होत्या. सरांनी त्या काढायला लावल्या.

सरांचे नियम दोनच. डोळ्यानं बघितल्याशिवाय बाहुलीच्या तोंडात घालायचं नाही, हा एक. आणि मी खरोखर 'पटलं' म्हणेपर्यंत कॅमेरा चालू करायचा नाही, हा दुसरा. एकदा म्हणाले, हवेला वजन असतं. मी म्हटलं, "मग माझ्या डोक्यावर भार का लागत न्हाई?" चार दिवस त्यांनी शूटिंग थांबवलं. पाचव्या दिवशी भांडंभर पाणी घेतलं, त्यावर लग्नपत्रिकेचा पुठ्ठा ठेवला आणि भांडं माझ्या डोक्यावर पालथं धरलं. मी ओरडले. पुठ्ठ्यावरचा हात त्यांनी काढला, तरी एक थेंब पडला नाही. खालची हवा पुठ्ठा वर दाबून धरते म्हणाले, सगळीकडनं दाबते, म्हणून तुम्हाला भार कळत नाही. माझ्या डोक्यावर पाणी अधांतरी होतं आणि मी मान वर करून ते बघत होते. अजून आठवलं की टाळू गार पडते.

सर गोड माणूस नव्हते. कुणाची विचारपूस करायचे नाहीत. माझ्या दिराच्या मयतीला आले, तर शालीखाली त्यांचा उजवा हात आपला तोंड उघडत-मिटत होता. जाऊबाई मला म्हणाली, "तुझ्या भाडेकरूला झटकं येत्यात व्हय गं?" मी म्हटलं, "झटकं न्हाईत. बेडूक हाय त्यो." मी भिडेखातर 'पटलं' म्हटलं तर त्यांना लगेच कळायचं. बेडूक हातात घालून चार उलटे प्रश्न विचारायचे आणि मी उघडी पडायची. माझं मन राखावं म्हणून त्यांनी कधी एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. पण माझ्यासारख्या अडाणी बाईला पटत नाही म्हणून चार दिवस काम बंद ठेवणारा दुसरा माणूस मी बघितलेला नाही.

आधी कार्यक्रम आमच्याकडच्या केबलवर लागायचा. मग एका मोठ्या वाहिनीनं घेतला, शाळाशाळांतून दाखवायला लागले. गल्लीतली पोरं मला बघून "पटलं न्हाय, पटलं न्हाय" ओरडत पळायची. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू?

आता चूक सांगते. सावलीचा भाग होता. सूर्य उगवतो, डोक्यावर येतो, मावळतो आणि सावली कशी लांब-आखूड होते, एवढंच दाखवायचं होतं. सरांनी गोठ्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली आणि तिच्यावर मोठा दिवा अडकवला. तो सूर्य. पुठ्ठ्याच्या घड्याळात बारा वाजले की दिवा बरोबर आक्काच्या डोक्यावर यायचा आणि तिची सावली नाहीशी व्हायची. बेडूकराव म्हणाले, "बघ आक्का, बारा वाजले की सावली गायब!"

आम्ही तिघांनी ते डोळ्यानं बघितलं. सरांचा नियम पाळलाच होता की. दिवा आपणच बांधलाय, आपल्याला पाहिजे तिथंच बांधलाय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाहुल्यांच्या जगात राहून राहून आम्हाला त्या दोरीवरचा दिवाच सूर्य वाटायला लागला होता.

सरांनी विचारलं, "मावशी, पटलं?"

त्या दिवशी व्हिडिओवाल्याला उचगावात हळदीला पोचायचं होतं. मला कळंब्याला भाच्याच्या वास्तुशांतीला जायचं होतं, रिक्षा दारात येऊन थांबली होती. पौषात भर दुपारी सांडगे वाळत घालताना माझीच सावली सुपावर पडते म्हणून मी दर वर्षी सूप सरकवत आलेय. हाताला ते ठाऊक होतं, पण डोक्यानं हाताला विचारलं नाही. म्हटलं, "पटलं की." आणि सरांनीही त्या दिवशी उलटे प्रश्न विचारले नाहीत.

तो भाग लागून गेला. पुढं थंडीत एक पत्र आलं. पत्ता माझ्या गोठ्याचा, नाव आक्काचं. मी अक्षर लावत लावत वाचलं. उचगावकडच्या एका शाळेतली पाचवीतली पोरगी होती. तिनं लिहिलं होतं:

'आक्का, तू खोटं बोललीस. मी शाळेच्या मैदानात काठी रोवली. बारा वाजता सावली गेली नाही. मी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, टीव्हीवर सांगितलं ते खोटं का? माझ्याकडून शंभर वेळा लिहून घेतलं की बारा वाजता सावली नाहीशी होते. मुलं मला काठी म्हणतात. आता तू बाईंना सांग.'

हे पत्र मी दोन दिवस पोह्यांच्या डब्यात ठेवलं. सर काय करतील ते मला ठाऊक होतं. पुढचे सव्वीस भाग ठरायचे होते आणि माझ्या हातातली आक्का मला सुटायला नको होती. तिसऱ्या दिवशी पोहे करायला डबा उघडला आणि पत्र हाताला लागलं. तशीच उठले आणि सरांना नेऊन दिलं. दोन दिवस दाबून ठेवलं होतं, तेही सांगितलं.  त्यांनी पत्र वाचलं, परड्यातली म्हशीची मेख घेतली, उन्हात रोवली आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. बारा वाजले. मेखेची सावली उत्तरेला पडली होती, चांगली लांब.

"पोरगी बरोबर आहे," म्हणून ते उठले आणि आत गेले.

सरांनी वाहिनीला कळवलं, तसे तिथले साहेब पुण्याहून आले. बोलायला चांगला माणूस. म्हणाले, "सर, तो भाग आम्ही गुपचूप काढून टाकतो. विषय संपला."

"आणि ती पोरगी?"

"तिच्या बाईंना फोन करू."

"बाईंना टीव्हीनं सांगितलं होतं," सर म्हणाले. "टीव्हीनंच परत सांगायला पाहिजे. त्या पोरीच्या मैदानात, तिच्या काठीशेजारी शूटिंग करतो. आक्का म्हणेल, मी चुकले."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, शेकडो शाळांत आपला कार्यक्रम दाखवतात. एक चूक कबूल केली की उद्या म्हणतील बाकीचंही खोटं असेल."

"म्हणू दे की. तपासतील."

साहेब उठले. जाताना स्पष्ट सांगून गेले. शुक्रवारी सव्वा वाजता त्यांच्याकडं मिटिंग होती. त्याच्या आत सरांनी लिहून द्यायचं, की चुकीबद्दल टीव्हीवर बोलणार नाही. दिलं तर सव्वीस भाग. नाही दिलं तर कार्यक्रम तिथंच बंद.

शुक्रवारी अकरा वाजता आम्ही त्या शाळेच्या मैदानात होतो.

पोरगी बारकी होती, दोन घट्ट वेण्या, आणि लाजायचं नाव नाही. काठी तिच्या छातीएवढी. बाई बाजूला उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून. पडदा नव्हता, टेबल नव्हतं. मी सगळ्यांच्या देखत खुर्चीवर बसले आणि आक्का हातात चढवली. सरांनी मला चार ओळी लिहून दिल्या होत्या, त्या आठवल्या नाहीत.

आक्का म्हणाली, "मी खोटं बोलले. दिव्याखाली बघितलं आन् सूर्याचं म्हणून सांगितलं. ही पोरगी खरं बोलली. बाई, हिनं लिहिलेलं सगळं खोडा."

बाई मान खाली घालून म्हणाल्या, "खोडते."

पोरगी माझ्याकडं बघत नव्हती, आक्काकडं बघत होती. म्हणाली, "मी शंभर वेळा लिहिलंय. तू पण लिही."

सगळी पोरं हसली. आक्का म्हणाली, "लिहिते." पुढं मी खरंच लिहिलं, 'बारा वाजता सावली जात नाही', शंभर वेळा. धार काढताना कधी दुखलं नाही एवढं मनगट दुखलं.

मग सरांनी बेडूक वर धरला. घड्याळात बारा वाजले होते. बेडूकराव म्हणाले, "तर मुलांनो, बारा वाजता सावली जात नाही. फक्त सगळ्यात आखूड होते."

"बाराला न्हाई," पोरगी म्हणाली.

बेडूक थांबला.

"बाराला न्हाई होत. पाऊणला होती. मी रोज मापते." तिनं खिशातनं सुतळी काढली. सुतळीला गाठी मारलेल्या होत्या, एकेका दिवसाची एकेक. "बारानंतर अजून दोन बोटं आखूड होती. मग थांबती. मग परत लांबती."

सरांनी त्या दिवशी परड्यात मेखेची सावली बाराला बघितली होती आणि उठून आत गेले होते. पाऊणपर्यंत बसले नव्हते. म्हणजे चूक सुधारायला आलेला माणूस कॅमेऱ्यासमोर दुसऱ्यांदा चुकला होता. व्हिडिओवाल्यानं माझ्याकडं बघितलं, कॅमेरा बंद करू का म्हणून. मला वाटलं सर आता चिडतील, निदान शरमतील तरी.

सरांनी हातातला बेडूक काढला आणि मातीत ठेवला. काठीजवळ पोटावर पालथे झोपले, गाल भुईला लावून. "दाखव," म्हणाले.

पोरगी त्यांच्या शेजारी पालथी पडली. सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा, काठीपासून खड्यापर्यंत सुतळी धरायची, असं चालू झालं. साठ-सत्तर पोरं भोवती गोळा झाली. पाऊण वाजायला आला तसा सरांचा फोन वाजला. सर न बघताच म्हणाले, "मावशी, घ्या."

पलीकडं साहेब. "सरांना द्या जरा."

"सर पालथं पडल्यात."

"अरे बापरे! काय झालं?"

"काय न्हाई. सावली बघाय लागल्यात."

 साहेब म्हणाले, "मावशी, सव्वा वाजता मिटिंग आहे. माझ्या हातात मग काही राहणार नाही. नुसतं हो म्हणा म्हणावं, लिहून नंतर घेतो."

मी ओरडून विचारलं, "सर, साहेब विचारत्यात. हो म्हणू का?"

सरांनी मान वर केली नाही. "मावशी, आता बोलू नका. थांबायला आलीय ती."

मी साहेबांना सांगितलं, "सर म्हणत्यात, आता बोलू नका." आणि फोन ठेवला. साहेबांना थोडं थांबा म्हणता आलं असतं. सरांना हाताला धरून उठवता आलं असतं. मी ते केलं नाही. आक्का अजून माझ्या हातात होती. तशीच खुर्चीवरनं उतरले आणि मोडक्या गुडघ्यांवर बसले.

सावली थांबली होती. बाभळीच्या काठीची साधी सावली, पण इतकी सरळ उत्तरेला की कुणी आखून ठेवावी. आपण जिच्यावर बसलोय ती भुई आणि वरचा सूर्य समोरासमोर आलेत, एवढं मला कळलं. ते कुणी शिकवायला लागलं नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली. एकही पोर डब्याकडं गेलं नाही. बाईसुद्धा पदर खोचून खाली बसल्या होत्या.

पाच-पाच मिनिटांनी पोरगी सुतळी लावत होती. एक वाजून गेला.

"फिरली," ती म्हणाली. "लांबाय लागली."

"अजून नाही," सर म्हणाले.

"फिरली की सर."

सरांनी सुतळी तिच्या हातातनं घेतली, स्वतः लावून बघितली. डोळे बारीक केले. परत लावली. अर्ध्या पेराएवढी लांबली होती.

"फिरली," ते म्हणाले.

सव्वाला पाच मिनिटं होती. फोन माझ्या हातात होता. सरांनी पालथ्या पालथ्याच हात माझ्याकडं केला. मी फोन पुढं धरला.

"तो नको," सर म्हणाले. "तुमच्या पायाजवळचा खडा द्या."